सोमाजीभाऊनं काऊन विकलं?

सोमाजी रामटेके काळजी करायलाच जन्माला आला होता, आणि ते काम त्यानं कधी अर्धवट सोडलं नाही. वनखात्याच्या लाकूड आगारात कारकून होता तेव्हा आगाराला आग लागेल याची काळजी. आग लागली नाही, तर चोरी होईल याची. चोरीही झाली नाही, तर इतके दिवस काहीच कसं झालं नाही याची. निवृत्त होऊन बायको रुखमासोबत तो अहेरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आला, तेव्हा लोकांना वाटलं आता तरी हा माणूस निवांत बसेल. सोमाजीनं काय केलं, तर शेअर घेतले. ज्याला काळजीचीच भूक, त्याला ती कुठंही पोटभर मिळते.

लाकडाच्या आगारातला माणूस शेअर बाजारात कसा शिरला, हे आधी सांगायला हवं. आगारात सागवानाच्या थप्प्या लागत, त्यांचा लिलाव होई आणि लांबलांबचे व्यापारी येत. सोमाजी टेबलाशी बसून बोल्या लिहून घेई. लाकडातलं त्याला फारसं कळायचं नाही, हे तो स्वतःच कबूल करी. वरून देखणा आणि आतून पोकळ असा ओंडका त्याला शेवटपर्यंत ओळखता आला नाही. पण माणसं बघायची सवय त्याला तिथंच लागली. एखादा शेठ चहाच्या टपरीवर "हा लॉट म्हणजे चुलीत घालायचा माल" असं म्हणून नाक मुरडायचा, आणि पुकारा झाला की त्याच थप्पीवर बोली चढवत बसायचा. दुसरा एखादा तोंडभर कौतुक करायचा आणि ऐन वेळी, घरी पाहुणे आलेत असं सांगून गाडीत बसायचा. हे वर्षानुवर्षं बघून सोमाजीनं मनाशी एक गाठ मारून ठेवली होती, की माणसाच्या तोंडाकडे बघू नये, खिशाकडे बघावं.

चंद्रपूरला बँकेत असलेल्या त्याच्या मुलानं, प्रफुलनं, एकदा सहज सांगितलं की कंपनीच्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर घेतले किंवा विकले, तर ते बाजाराला कळवावं लागतं, आणि तो मजकूर कोणालाही मोबाईलवर बघता येतो. सोमाजीच्या हातातला चहा तसाच राहिला.

"म्हणजे शेठचा खिसा उघडाच ठेवला म्हण ना," तो म्हणाला.

तेव्हापासून सकाळी पेपर वाचून झाला की सोमाजी खिसे बघायला बसे. त्यातूनच त्याला अंबुधारा सापडली. ही सौरपंप बनवणारी कंपनी. तिचे निळे पंप त्यानं कुरखेड्याकडे, रुखमाच्या माहेरच्या धानाच्या बांधांवर पाहिले होते. त्या वर्षी कंपनीचा भाव चांगलाच पडला होता आणि टीव्हीवरचे लोक तिच्या नावानं बोटं मोडत होते. नेमक्या त्याच दिवसांत कंपनीचा मुख्य साहेब, हिशेब सांभाळणारा साहेब आणि आणखी एक संचालक, तिघांनीही खुल्या बाजारातून, स्वतःच्या पैशानं, शेअर घेतले. कंपनीकडून पगारासोबत मिळालेले नव्हेत, खिशातून पैसे काढून घेतलेले. सोमाजीला आगाराची आठवण झाली. जग नाक मुरडतंय आणि शेठ बोली चढवतोय. त्यानं घराच्या बांधकामासाठी ठेवलेली पुंजी त्यात टाकली. भाव चढला, आणि गल्लीत सोमाजीचाही चढला.

त्याच्या मागोमाग सुकलू आला.

सुकलू मडावी आगारात चौकीदार होता. साहेब बदलले, कारकून बदलले, पण या दोघांची चहाची वेळ कधी बदलली नाही. माधवी, सोमाजीची लेक, लहान असताना सुकलूच्या खांद्यावर बसून आगार हिंडली होती. सुकलूच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्दच नव्हता, तो रेंजर साहेबालाही 'तू' म्हणायचा आणि कुणाला त्याचा राग यायचा नाही. त्यानं अंबुधारा काय बनवते हेसुद्धा विचारलं नाही. सोमाजी समजावून सांगायला लागला, तर त्यानं हात वर करून थांबवलं.

"भाऊ, आमच्या गावात देवाची पूजा करनारा गायता पयले नवा आंबा चाखते, मंग गाव आंबा खाते. गायत्याले कोनी इचारत नाई का आंबा कसा हाये म्हून. त्यानं खाल्ला ना? झाला मंग."

"अरे, पण मी काही तुझा गायता नाही."

"तू खाल्ला ना?" सुकलूनं विचारलं आणि बैलजोडी विकून आलेले पैसे अजयच्या ऑनलाइन सेंटरवर नेऊन दिले. अजयनंच गल्लीतल्या निम्म्या लोकांची शेअरची खाती काढून दिली होती. पाठोपाठ अंगणवाडीच्या आशाबाईनंही थोडे घेतले. त्या दिवसापासून सोमाजीला स्वतःच्या काळजीसोबत दोघांची काळजी फुकट मिळाली.

दिवाळी झाली. धान खळ्यावर आलं. एका सकाळी सोमाजीनं मोबाईल उघडला.

अंबुधाराच्या मुख्य साहेबानं शेअर विकले होते.

पहिल्यांदा त्याला वाटलं वाचण्यात चूक झाली. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चूक नव्हती. ज्या माणसाचा खिसा बघून त्यानं आपलं घर त्या खिशात ठेवलं, तो माणूस खिसा उलटा करत होता. दुपारपर्यंत भावही घसरला. बाजारातल्या इतरांनाही मोबाईल असतात.

रुखमानं जेवायला वाढलं. सोमाजी भाकरीचे तुकडे करत बसला.

"पोट दुखून राह्यलं का?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग भाव पडला असन."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडाकडं पाह्यलं," रुखमा म्हणाली आणि तिनं आणखी वरण वाढलं.

त्यानं प्रफुलला फोन लावला. प्रफुल बँकेतल्या गर्दीत होता, पण बापाचा आवाज ऐकून बाजूला आला.

"बाबा, आधी दम घ्या. घेणारा माणूस भाव चढन म्हणूनच घेते, दुसऱ्या कशासाठी घेईन? विकणाऱ्याचं तसं नसते. पोरीचं लग्न, टॅक्स, भावकीतली वाटणी, नाईतर सारं एकाच जागी ठेवाचं भेव. विकलं एवढ्यानं काई समजत नाई. एकट्यानं विकलं का साऱ्यायनं? किती विकलं अन् किती राह्यलं? बाजारात विकलं का घरातल्या घरात बायकोच्या नावावर केलं? आधी सांगून विकलं का गुपचूप? हे पाहा. अन् शेअर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं आणि कर्ज देणाऱ्यानं विकले असले, तं मात्र थांबू नका."

सोमाजी दिवसभर हेच बघत बसला. साहेबानं एकट्यानंच विकले होते. हिशेबवाला साहेब जागच्या जागी होता, त्यानं एक शेअर विकला नव्हता, नोकरीही सोडली नव्हती. विकले ते थोडे, राहिले ते कितीतरी जास्त. गहाण काहीच नव्हतं. आणि आपण अमुक काळात इतके शेअर विकणार, हे त्या साहेबानं उन्हाळ्यातच लिहून बाजाराला कळवून ठेवलं होतं. ज्याला बुडत्या नावेतून उडी मारायची असते, तो काही महिने आधी दवंडी पिटत नाही. हे सगळं सोमाजीला पटलं. पटलं, पण काळजी हलली नाही. कारण प्रफुलच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तरी एक प्रश्न तसाच होता. विकले का?

शेवटी त्यानं प्रफुलकडून इंग्रजीत लिहून घेऊन कंपनीलाच विचारलं. त्यांचं उत्तर आलं, हे विशेष. फार आदबीनं त्यांनी कळवलं होतं की साहेबांनी वैयक्तिक कारणासाठी शेअर विकले असून कंपनीच्या कामकाजाशी त्याचा काही संबंध नाही.

"वैयक्तिक कारण!" सोमाजी रुखमाला म्हणाला. "एवढ्या मोठ्या माणसाला कसलं आलंय वैयक्तिक कारण? घरी पाहुणे आलेत म्हणून गाडीत बसणारा शेठ बघितलाय मी."

रुखमा तांदूळ निवडत होती. "मोठ्या माणसाले घर नसते का?" ती म्हणाली.

सोमाजीनं ते ऐकलं नाही. इथंच त्याचं चुकत होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. आगारातल्या व्यापाऱ्यांना त्यानं फक्त आगारात बघितलं होतं. त्यांच्या घरात कोण आजारी, कोणाची पोर उपवर, कोणाचा भाऊ भांडकुदळ, हे त्याला कधी कळलं नाही, कळून घ्यायची गरजही पडली नाही. त्याच्या लेखी शेठला खिसा होता, घर नव्हतं. कधी एखाद्याकडे खरोखरच पाहुणे आलेही असतील.

सुकलू रोज संध्याकाळी चहाला येई आणि बसता बसता विचारी, "आपला कंपनी ठीक हाये ना, भाऊ?"

"ठीक आहे," सोमाजी म्हणे. खोटं नव्हतं ते. पण ते म्हणताना तो कपातल्या चहाकडे बघे. सुकलूचे बैल या कंपनीत होते.

त्यातच रुखमानं घराचं काढलं.

त्यांचा अहेरीच्या कडेला एक प्लॉट होता, माहेरच्या जमिनीचा वाटा आला तेव्हा रुखमानं घेतलेला. तिच्या डोळ्यांसमोर त्या प्लॉटवर घर कधीचंच उभं होतं, विटा तेवढ्या लागायच्या राहिल्या होत्या. सगळा संसार तिनं सरकारी क्वार्टरमध्ये केला, बदली झाली की भांडी बांधली आणि निघाली. घर बांधायचं, पण सावकाश, पुढच्या वर्षी, असं दोघांचं ठरलेलं होतं. आता एकदम ती म्हणायला लागली की आत्ताच बांधायचं.

"पत्रू मिस्त्री मोकळा हाये," ती चहा देता देता म्हणाली. सुकलू समोर बसला होता. "पाया खणून घेऊ. तीन खोल्या पाह्यजे."

"दोन ठरल्या होत्या ना?"

"आता तीन पाह्यजे."

"अगं, भाव पडलाय. आत्ता विकणं म्हणजे हातानं नुकसान. उन्हाळा जाऊ दे, मग बघू."

"उन्हाळा जाऊ दे," सुकलूनंही मान हलवली. गायत्यानं सांगितलं होतं.

रुखमा उठली. कपबशा उचलून आत गेली. त्यानंतरचे दिवस तिनं सोमाजीला लागेल तेवढंच बोलून काढले. सोमाजीला वाटलं, रुसली. त्याच्या डोक्यात साहेबाची दुसरी विक्री येते की काय याचीच धास्ती होती. मोबाईल वाजला की तो हातातलं टाकून धावायचा. बायको तिसरी खोली का मागते, हे त्यानं विचारलं नाही. लांबच्या शहरातल्या, कधी न पाहिलेल्या माणसानं शेअर का विकले, हे शोधायला तो इंग्रजीत पत्र लिहवून घेत होता, आणि ज्या बाईशी त्यानं जन्म काढला तिला 'का' असा एक शब्द विचारायला त्याला सुचलं नाही. आपल्याला राग येतो अशा माणसांचा. पण असे आपणही असतो.

एका दुपारी घरमालकीण नीलाबाई दारात येऊन उभी राहिली. नीलाबाई वाईट नव्हती, पण तिचं अर्धं लक्ष स्वतःच्या घरात आणि अर्धं भाडेकरूंच्या दारावर असे.

"माधवीचा फोन येत असते लय," ती म्हणाली. "दिवाळीले बी आली नाई. सारं ठीक हाये ना नागभीडले?"

"ठीक आहे," रुखमाच्या आधी सोमाजीनंच सांगितलं. माधवीचं सासर नागभीडला होतं.

नीलाबाई गेली. रुखमानं दार लावून घेतलं. भर दुपारी त्या घराचं दार कधी लागत नसे.

"ठीक नाई," ती म्हणाली. "तो हात उचलते तिच्यावर. दोन वर्सं झाले. पोरीनं मले दिवाळीच्या आधी सांगितलं. ती येऊन राह्यली. कायमची."

सोमाजी उभा होता, तो बसला.

"मला का नाही सांगितलं?"

"तुमाले सांगितलं असतं तं तुमी तिथी धावत गेले असते, नाईतर खाट धरली असती. पोरगी म्हणाली, मी येईन तवा सांगीन. मी तिले शब्द देला." रुखमाचा आवाज चढला नव्हता. "मी काऊन घर मागून राह्यली हे तुमी इचारलं का मले? भाड्याच्या घरी लेक वापस आली तं नीलाबाई रोज दारात येऊन इचारन, कवा जाते म्हून. गल्ली इचारन. आपल्या घरी कोनी इचारत नाई. तिले एक खोली पाह्यजे. दार लावता येईन अशी. भाव चढते का पडते, मले काय करा लागते?"

सोमाजीला रडू आलं. लेकीच्या अंगावर हात पडत होता आणि आपण मोबाईलवर परक्या माणसाचा खिसा चाचपत होतो, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली. रुखमा त्याच्या शेजारी बसली.

"आता एकच करा," ती म्हणाली. "ती येऊन स्वतः बोलत नाई तोवर कोनापाशी काई बोलू नका. सुकलूपाशी बी नाई."

दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधीच सोमाजी अजयच्या सेंटरवर जाऊन बसला. मोबाईलवर बोट चुकलं तर काय, ही भीती त्याला होतीच. त्यानं अंबुधारा बरीचशी विकली, घराला लागतील तेवढी. थोडी राहिली. पडलेल्या भावात विकली, आणि पहिल्यांदाच भावाकडे बघितलं नाही.

"काका, काई समजलं का तुमाले?" अजयनं हळूच विचारलं.

"काही नाही रे. आणि कोणाला सांगू नको."

कोणाला सांगू नको म्हटलेली गोष्ट अहेरीत किती लवकर पोचते, हे सोमाजीला माहीत असायला हवं होतं.

पत्रू मिस्त्रीनं पाया खणला. वाळू पडली, विटा आल्या. सोमाजी प्लॉटवर छत्री घेऊन उभा राहायला लागला. पण त्याच्या मनाला सावली नव्हती. माधवी बस धरून निघेल ना, नवरा तिला अडवेल का, पाठोपाठ येऊन तमाशा करेल का, अशा धास्त्या एकीवर एक चढत होत्या. सुकलू कितीतरी दिवसांत चहाला आला नव्हता, हेही त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग एका दिवशी ऊन कलताना सुकलू प्लॉटवरच आला. विटांच्या ढिगावर बसला. बराच वेळ मिस्त्रीचं काम बघत राहिला.

"भाऊ, तू इकला म्हनते."

सोमाजीनं छत्री मिटली. "हो. थोडे विकले."

"काऊन इकला?"

"घर बांधतोय ना. दिसतंय की तुला."

"घर दिसून राह्यला," सुकलू म्हणाला. "पन तू तं म्हनला होता उन्हाळा जाऊ दे. म्या आयकला, मी तिथी बसलो होतो. मंग एकाएकी काय झाला?"

सोमाजीच्या जिभेवर माधवीचं नाव आलं. हा माणूस तिला खांद्यावर घेऊन फिरला होता. याला सांगितलं तर बिघडतं काय? पण रुखमानं शब्द घेतला होता, आणि लेकीच्या अंगावरचे वळ म्हणजे काही चहासोबत सांगायची गोष्ट नव्हे. त्यानं शब्द गिळला.

"घरचं काम निघालं," तो म्हणाला. "कंपनी ठीक आहे, सुकलू. मी सगळं तपासलंय. तू तुझं विकू नको."

आपलं बोलणं आपल्याच कानांवर पडलं तेव्हा सोमाजी चपापला. त्या साहेबानं याहून वेगळं काय सांगितलं होतं? आणि आपण त्यावर किती विश्वास ठेवला होता?

सुकलू मात्र हसला. उठून त्यानं सोमाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी इकला. कालच. सारा इकला. आशाबाईले बी सांगतला, तिनं बी इकला. तुले तोंडानं सांगता आला नाई, कायी बंधन असन तुयावर. पन तू इकून सांगतला. दोस्ती निभावला भाऊ. माहे बैल वाचवला तू."

सोमाजीला वाटलं जमीन दुभंगावी. सुकलूनं पडलेल्या भावात, काही कारण नसताना, घेतले त्याहूनही कमी किमतीत सगळं विकलं होतं आणि वर त्याचे आभार मानत होता. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. खरं कारण सांगितल्याशिवाय यातलं काहीच खोटं पाडता येत नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर ऑटो थांबला. रुखमा उतरली. ती दुपारीच बस स्टँडवर गेली होती. तिच्यामागून माधवी उतरली, पाठीला एक बॅग आणि हातात एक. ती सोमाजीच्या आठवणीपेक्षा फार वाळली होती. नीलाबाईच्या दारातून जाण्याआधी रुखमानं तिला प्लॉटवर आणलं होतं, तुझी खोली कुठं होणार ते दाखवायला.

सुकलू पुढं झाला. "बाई, आली का? किती दिवस हायेस?"

रुखमा घाईनं काही बोलणार होती. माधवीनं तिच्या हाताला धरून थांबवलं.

"राहाले आली, काका," ती म्हणाली. "वापस जात नाई आता. मारत होता तो मले. तुमाले काऊन खोटं सांगू?"

मिस्त्रीची थापी थांबली. माधवीनं मान खाली घातली नाही. जी गोष्ट दार लावून, शब्द घेऊन, जपून ठेवली होती, ती लेकीनं उघड्या प्लॉटवर सुकलूला पहिल्या प्रश्नालाच सांगून टाकली. तिला त्याची लाज वाटत नव्हती. लाज आईबापांनी वाटून घेतली होती.

सुकलूचा चेहरा आधी रागानं लाल झाला. मग तो हळूहळू घराच्या पायाकडे वळला. पत्रूनं खणलेले चर त्यानं बघितले, दोन खोल्यांचे आणि तिसऱ्या लहान खोलीचे. त्यानंतर त्यानं सोमाजीकडे बघितलं.

"ह्याच्यासाठी इकला?"

सोमाजीनं मान हलवली.

"कंपनीले कायी झाला नाई?"

"नाही रे. काही नाही झालं."

बैल गेले हे सुकलूला कळलं होतं, आणि का गेले हेही कळलं होतं. सोमाजी वाट बघत होता, की आता तो ओरडेल, आता थुंकेल. सुकलूनं माधवीच्या हातातली बॅग घेतली, पाठीवरचीही काढून घेतली, आणि दोन्ही स्वतःच्या खांद्यावर टाकल्या.

"मले सांगाचा होता, भाऊ," तो म्हणाला. "पैशासाठी नाई म्हनत. पोरीले मार पडून राह्यला अन् तू मले सांगतला नाई. मी तुहा कोन होतो मंग?"

सोमाजी छत्री घेऊन मागून निघाला. सुकलू बॅगा घेऊन माधवीच्या पुढं चालायला लागला होता.